वीर, राक्षस, देव: थेरॉसच्या पत्त्यांचा डाव आणि त्यांची चित्रं

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात ग्रीक पुराणकथांवर बेतलेलं एक जग आहे, थेरॉस. पहिला संच सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पुढचे दोन फेब्रुवारी आणि मे २०१४ मध्ये, आणि जानेवारी २०२० मध्ये खेळ पुन्हा त्याच जगात गेला. या संचांत कथा चित्रात आहे तशीच नियमातही आहे. वीर कसोटीच्या घडीला वाढतो. राक्षस डिवचला की फुगतो. देवाला भक्त जमल्याशिवाय अंग धरता येत नाही. म्हणून कुठलं कार्ड कधी टाकायचं आणि समोरच्याचं कधी मारायचं, याचं उत्तर बहुतेक वेळा कथेतल्या त्या घडीत सापडतं. टोकनची (खेळताना तयार होणाऱ्या सैनिकासारख्या क्रीचरसाठी पटावर ठेवायच्या कार्डांची) चित्रं स्वतः काढायची असतील तर तिथेही नेमकी तीच घडी पकडायची असते. खाली कोल्हापुरात चौघांनी बसून खेळायच्या पेटीपासून ते छापून कापलेल्या टोकनपर्यंत सगळं क्रमाने दिलं आहे. खेळाचे अगदी प्राथमिक नियम (२० प्राण, हातात ७ कार्डं, दर वळणाला एक लँड) माहीत आहेत असं धरलं आहे.

पेटी कशी भरायची

२०१३ चे बंद बूस्टर (कार्डांची सीलबंद पाकिटं) आता महाग पडतात आणि चौघांच्या एका ड्राफ्टला (एकेक कार्ड उचलून डेक बांधण्याला) १२ लागतात. ते फोडत बसू नका. सुटी कॉमन (सर्रास मिळणारी) आणि अनकॉमन (थोडी दुर्मीळ) कार्डं घेऊन १८० कार्डांची पेटी एकदाच बांधा. ती वर्षानुवर्षं पुरते. हिशेब असा: पाच रंगांची प्रत्येकी ३० म्हणजे १५०, दोन रंगांच्या दहा जोड्यांचं एकेक म्हणजे १०, बिनरंगी १२ आणि दुरंगी लँड ८. एका रंगाच्या ३० कार्डांत १३ साधे क्रीचर (लढणारी कार्डं), ६ बेस्टोवाले (दुसऱ्या क्रीचरवरही बसणारे, पुढे येतील), स्वतःच्या क्रीचरवर टाकायच्या ४ झटपट जादू, समोरच्याचं क्रीचर काढणारी ४ आणि बाकी ३. शेवटच्या दोन चौकड्यांचं प्रमाण बिघडलं की सगळा खेळ बिघडतो. मारणारी कार्डं रंगामागे ७-८ झाली तर वीर उभाच राहत नाही. दोनच ठेवली तर ज्याचा वीर आधी उतरला तो जिंकला, बाकीच्यांनी नुसतं बघायचं.

साध्या लँड प्रत्येक रंगाच्या २० ठेवा. प्रत्येकाला १५ कार्डांचे तीन गठ्ठे. एक कार्ड उचलायचं, गठ्ठा पुढे सरकवायचा. पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा पुन्हा डावीकडे. चौघांत १५ चा गठ्ठा तुमच्या हातात पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या उचलीला परत येतो. त्यामुळे पहिल्यांदा बघताना चार कार्डं डोक्यात ठेवायची: एक आता उचलतोय ते, आणि तीन जी परत येतील का हे तपासायचं आहे ती. पाचव्या उचलीला चांगलं पांढरं कार्ड अजून पडलेलं असेल तर बाकी तिघांपैकी कुणी पांढऱ्यात नाही, असा अंदाज बांधता येतो. ४५ पैकी २३ कार्डं वापरायची आणि १७ लँड घालून ४० चा डेक करायचा.

वीर: लवकर उतरवा, उशिरा उघडा

हिरोइक हा थेरॉसचा कणा. तुम्ही टाकलेल्या जादूने या क्रीचरला लक्ष्य केलं की त्याला काहीतरी मिळतं. यात नवखे तीन ठिकाणी अडखळतात. एक, लक्ष्य जादूनेच व्हायला हवं, क्षमतेने नाही. थासा या समुद्रदेवतेला दोन माना (लँडमधून मिळणारी शक्ती) देऊन तुमचं क्रीचर अडवता न येण्याजोगं करता येतं, पण ती थासाची क्षमता आहे; हिरोइक चालत नाही. दोन, जादू तुमचीच हवी. समोरच्याने तुमच्या वीरावर मारा केला तर त्यातून वीराला काही मिळत नाही. तीन, हिरोइकचा परिणाम स्टॅकवर (घडायच्या जादूंची चळत, वरची आधी घडते) जादूच्या वर बसतो, म्हणजे आधी तो घडतो आणि मग मूळ जादू.

तिसरा मुद्दा नीट समजून घ्या, कारण अर्धे डाव तिथेच फिरतात. फेव्हर्ड हॉपलाइट हा एका पांढऱ्या मानाचा १/२ (ताकद १, टिकाव २) क्रीचर. त्याला लक्ष्य केलं की +१/+१ चा काउंटर (वाढ दाखवणारी खूण) मिळतो आणि त्या वळणात त्याला होणारं सगळं नुकसान टळतं. समोरच्याकडे तीन नुकसान करणारं लायटनिंग स्ट्राइक असेल तर त्याने ते कधी टाकावं? हिरोइक स्टॅकवर असताना, तो घडण्याआधी. एकदा तो घडला की त्या वळणापुरता हॉपलाइटला चरासुद्धा पडत नाही. समोरचा इथे झोपला तर तुमचं फावलं. तुम्ही समोरचे असाल तर जागे राहा.

उत्तम जोडी म्हणजे वीर आणि ऑर्डील. ऑर्डील म्हणजे कसोटी. हेराक्लीसला मिळालेल्या कामांसारखी. दोन मानाचा हा ऑरा (क्रीचरला चिकटणारं कार्ड) ज्याच्यावर बसतो त्याला प्रत्येक हल्ल्यात एक +१/+१ काउंटर देतो. तीन काउंटर झाले की ऑर्डील सोडून द्यायचं आणि बक्षीस घ्यायचं. हेलिऑडचं ऑर्डील १० प्राण देतं, थासाचं दोन कार्डं, पुरफोरॉसचं कुठेही तीन नुकसान. पहिल्या वळणाला हॉपलाइट, दुसऱ्याला ऑर्डील ऑफ हेलिऑड: टाकतानाच हिरोइकचा एक काउंटर, हल्ल्यात दुसरा, म्हणजे दुसऱ्याच वळणाला ३/४ अंगावर चालून जातो. तिसऱ्या वळणाच्या हल्ल्यात तिसरा काउंटर पडतो, १० प्राण मिळतात, आणि ४/५ चा गडी पटावर तसाच उभा. वीर नसता तर त्याच बक्षिसाला तीन हल्ले लागले असते.

आता गणित. डेकमध्ये आठ वीर असतील तर पहिल्या नऊ कार्डांत (पहिलं वळण तुमचं असेल तर तिसऱ्या वळणापर्यंत एवढीच दिसतात) किमान एक वीर येण्याची शक्यता साधारण ९० टक्के. पाचच वीर असतील तर ७४ टक्के, म्हणजे चारपैकी एका डावात तुम्ही हातात ऑरा घेऊन नुसते बसणार. म्हणून ड्राफ्टमध्ये ऑर्डीलच्या मागे आधी धावू नका. वीर आधी गोळा करा: विंगस्टीड रायडर (तीन माना, उडणारा २/२, लक्ष्य झाला की एक काउंटर) दिसला की उचला, फॅलँक्स लीडर (दोन पांढऱ्या मानाचा १/१, लक्ष्य झाला की तुमच्या सगळ्या क्रीचरना एकेक काउंटर) त्याहून आधी. आठ वीर, इतर आठ क्रीचर, लक्ष्य करणाऱ्या आठ जादू आणि १६ लँड हा ढाचा चालतो. स्वस्त डेकला सतरावी लँड जड होते.

लक्ष्य करणाऱ्या जादूंत सगळ्यात मोलाची गॉड्स विलिंग. एका पांढऱ्या मानाची, झटपट. निवडलेल्या रंगापासून संरक्षण आणि वर स्क्राय १ (गड्डीवरचं एक कार्ड बघून तसंच ठेवायचं की तळाशी टाकायचं ते ठरवणं). ही हल्ल्यासाठी खर्चू नका. ती हातात धरून एक पांढरी लँड उभी (न वापरता) ठेवा. समोरचा मारायला आला की उत्तरात टाका: त्याचं कार्ड वाया, वीर वाचला, हिरोइकही चालला. खासबागेच्या कुस्ती मैदानात खडाखडी चालू असताना जो आधी हात घालतो तोच पुष्कळदा पटात सापडतो, इथेही तसंच. समोरच्याच्या लँड उभ्या असताना तुम्ही ऑरा टाकलात आणि त्याने उत्तरात वीर मारला, तर ऑराला लक्ष्यच उरत नाही. तो थेट ग्रेव्हयार्डमध्ये (बाद कार्डांच्या ढिगात) जातो. एका कार्डात तुमची दोन गेली. त्याच्या लँड आडव्या झाल्या असतील त्याच वळणाला ऑरा टाका.

हेच उलटं करा आणि वीरांच्या डेकविरुद्ध कसं खेळायचं ते कळेल. वीराला मोठा होऊ देऊन मग मारू म्हणणं ही चूक. पहिला ऑरा पडताना, हिरोइक स्टॅकवर असतानाच मारा.

बेस्टो: अंगावरून उतरणारा सोबती

ऑराचा हा जुना दोष काढायला बेस्टो आणलं. निम्बस नायाड तीन मानाला टाकली तर उडणारी २/२ क्रीचर, पाच मानाला टाकली तर दुसऱ्या क्रीचरवर बसून त्याला +२/+२ आणि उडणं देणारा ऑरा. खालचं क्रीचर मेलं तर नायाड खाली उतरते आणि स्वतः क्रीचर म्हणून उभी राहते. टाकताना उत्तरात लक्ष्यच मारलं तरी ती वाया जात नाही, सरळ क्रीचर म्हणून येते. आणि बेस्टोने टाकलेलं कार्डही वीराला लक्ष्य करतंच, तेव्हा हिरोइक चालतो.

प्रश्न एवढाच: तिसऱ्या वळणाला टाकायची की पाचव्यापर्यंत धरायची? हातात तिसऱ्या वळणाला टाकायला दुसरं काही नसेल तर टाका. रिकामं वळण फार महाग असतं. वीर पटावर असेल आणि समोरचा मारणारा रंग खेळत असेल तर धरा. खालचं क्रीचर समोरच्याच्या वळणात मेलं तर उतरलेली नायाड तुमच्या पुढच्या वळणाला लगेच हल्ला करू शकते, कारण ती आधीपासून तुमच्याच ताब्यात होती. पुष्कळांना वाटतं ती आत्ताच आली, म्हणून थांबायला हवं. तसं नाही.

राक्षस: त्याला खर्च करू द्या

मॉन्स्ट्रॉसिटी म्हणजे एकदाच, भरपूर माना देऊन क्रीचर फुगवणं. नेसियन अॅस्प पाच मानाला ४/५ येतो, उडणाऱ्यांना अडवतो; आणखी सात माना दिल्या की ८/९. हिरव्यातलं हे सर्वांत भरवशाचं कॉमन. कीपसेक गॉर्गन पाच मानाची २/५, जिला भिडणारा मरतोच. सात माना दिल्या की फुगते आणि समोरचं गॉर्गन नसलेलं एक क्रीचर मारते. मेडुसाच्या नजरेची कथा हीच: तिने बघितलं की संपलं.

फुगवणं झटपट करता येतं. म्हणून स्वतःच्या वळणात घाईने करू नका. समोरच्याला हल्ला करू द्या, अडवा आणि मग फुगवा. किंवा त्याच्या वळणाच्या शेवटी, त्याच्या लँड आडव्या झाल्यावर. डेकमध्ये तीनहून जास्त राक्षस असतील तर १८ लँड ठेवा.

राक्षसाविरुद्धची वेळ वीराच्या बरोबर उलटी. वीराला आरंभी मारायचं, राक्षसाला खर्च झाल्यावर. व्हॉयेजेस एंड (दोन माना, एक क्रीचर मालकाच्या हातात परत, स्क्राय १) हातात असेल आणि समोर अॅस्प उभा असेल तर त्याला सात माना टाकू द्या आणि उत्तरात परत पाठवा. त्याचं सगळं वळण बुडालं. गॉर्गन असेल तर ती फुगतच नाही, त्यामुळे तुमचं क्रीचरही वाचतं. आधीच फुगलेला राक्षस परत पाठवला तरी चालतो, काउंटर सगळे जातात. फक्त तोवर त्याने दोन-चार घाव घातलेले असतात.

देव: भक्त मोजा

डिव्होशन म्हणजे तुमच्या पटावरच्या कार्डांच्या उजव्या कोपऱ्यातल्या किमतीत अमुक रंगाची चिन्हं किती, ती बेरीज. खालच्या मजकुरातली चिन्हं धरायची नाहीत. बेस्टोने बसवलेल्या कार्डाचीही मूळ किंमतच मोजायची. सैनिकासारख्या टोकनला किंमतच नसते, म्हणून शून्य.

काळ्या रंगात याचा सर्वांत सोपा फायदा ग्रे मर्चंट ऑफ अॅस्फोडेल. पाच माना, त्यांपैकी दोन काळ्या, २/४. आला की समोरच्याचे तुमच्या काळ्या डिव्होशनइतके प्राण जातात आणि तेवढे तुम्हाला मिळतात. स्वतःचे दोन धरून मोजणी. चौथ्या वळणाला डिसायपल ऑफ फेनॅक्स (दोन काळी चिन्हं) असेल तर पाचव्याला मर्चंट चार ओढतो. मोजणी परिणाम घडताना होते. तोवर मर्चंटलाच उडवलं तर त्याची दोन चिन्हं गेली. कॉमन असूनही पहिल्या उचलीला घ्यावं असं हे कार्ड आहे.

तिन्ही जुन्या संचांत मिळून १५ देव आहेत. एकरंगी देवाचं डिव्होशन पाचहून कमी असेल तर तो क्रीचर नसतो, नुसता पटावर असतो. दुरंगीला सात लागतात. सगळे अविनाशी. थासा तीन मानाची ५/५ आहे, तिचं स्वतःचं चिन्ह एक, म्हणजे अजून चार निळी चिन्हं जमवायची. ऑक्टोबर २०१३ मध्ये डब्लिनच्या प्रो टूर या मोठ्या स्पर्धेत जेरेमी देझानी जिंकला तो याच हिशेबावर बांधलेल्या नुसत्या निळ्या डेकने. समोर देव असेल तर देवाला मारायच्या फंदात पडू नका, भक्त मारा. तो हल्ल्यात असतानाच डिव्होशन पाचाखाली आणलं तर तो क्रीचर राहत नाही आणि झुंजीतून बाहेर पडतो.

टोकनची चित्रं

अक्रोअन हॉर्स हे ट्रॉयच्या घोड्याचं कार्ड. तुम्ही ते टाकता, ताबा समोरच्याला मिळतो, आणि मग दर वळणाला त्याच्या विरोधकांना, म्हणजे तुम्हाला, एक १/१ पांढरा सैनिक मिळत राहतो. सैनिकाचं टोकन काढायचं तर नुसता भाला धरून उभा असलेला गडी काढू नका. घोड्याच्या पोटातून एक पाय बाहेर टाकलेला, ढाल अजून आडवी, मान वळलेली, अशी घडी काढा. टोकन बघताक्षणी ते कुठून आलं हे खेळणाऱ्याला आठवलं पाहिजे.

नमुन्यासाठी लांब जावं लागत नाही. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात झालेल्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची एक छोटी ब्रॉन्झ मूर्ती मिळाली. सातवाहन काळातल्या रोमशी असलेल्या व्यापारातून ती पंचगंगेकाठी आली. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. वही-पेन्सिल घेऊन जा, फोटोसाठी आधी परवानगी विचारा, आणि चेहऱ्याआधी उभं राहणं टिपा: वजन कुठल्या पायावर आहे, कंबर कुठे झुकली, खांदा कुठे वर गेला. ग्रीक अंगाची ठेवण या तीन रेषांत येते. त्या चुकल्या की कितीही बारकावे भरा, आकृती कॅलेंडरातल्या चित्रासारखी दिसते.

चिन्हांत गल्लत करू नका. आपल्या डोळ्याला तीन टोकं दिसली की आधी शंकर आठवतो. शंकराच्या त्रिशुळाची बाहेरची दोन पाती वळणदार असतात. पोसायडनचा मासे मारायचा भाला आहे, म्हणून टोकं सरळ काढा आणि प्रत्येकाला मागे वळलेला काटा द्या. जवळ डॉल्फिन किंवा घोडा ठेवा. सैनिकाची ढाल गोल, हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत येणारी; चौकोनी ढाल काढली की तो रोमन झाला. गॉर्गनचं तोंड नेहमी समोर. ग्रीक भांड्यांवर बाकी सगळे एका बाजूने दिसतात, ती मात्र सरळ बघणाऱ्याकडे पाहते, आणि वर सांगितलेली तिची नजरेची क्षमता बघता हा नियम पाळलाच पाहिजे. सॅटरला जुन्या ग्रीक चित्रांत घोड्याचे कान आणि शेपूट असते. बकऱ्याचे पाय नंतरचे.

छपाईत सर्वांत उठून दिसते ती काळ्या आकृत्यांची भांड्यांवरची शैली: भाजक्या मातीच्या रंगावर काळी आकृती आणि तीत कोरलेल्या बारीक रेघा. ती कागदावर अशी करा. कार्ड ६३ × ८८ मिलिमीटरचं असतं. चित्र तिप्पट, म्हणजे १८९ × २६४ वर काढा. ए-फोर कागदावर बसतं. कागद ३०० जीएसएमचा जलरंगाचा. जमीन अॅक्रेलिकने: दोन भाग बर्न्ट सिएना, एक भाग यलो ऑकर, पातळ दोन हात, मध्ये पूर्ण वाळू द्या. गेरूच्या जवळ जाणारा रंग मिळाला की बरोबर. त्यावर आकृती काळ्या पोस्टर कलरने, घट्ट, एका हातात. वाळल्यावर शिवणकामाच्या सुईने डोळा, स्नायू, कपड्याच्या चुण्या कोरा. खालची माती दिसू लागते.

जमीन पोस्टर कलरने केलीत तर सगळं फसतं. काळ्यातलं पाणी खालचा थर विरघळवतं, दोन्ही रंग मिसळतात आणि सुई थेट पांढऱ्या कागदापर्यंत जाते. अॅक्रेलिक वाळलं की पाण्याला दाद देत नाही, म्हणून ते. काळा रंग वर गोळा होऊन थेंब थेंब पसरत असेल तर त्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाका. काळा फार जाड झाला तर कोरताना टवके उडतात. कोरीव रेघ मूळ चित्रावर एक मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. तिप्पट लहान झाल्यावर ती ०.३ होते आणि त्याहून बारीक छपाईत बुजते. भांड्यांवर पुरुषांची अंगं काळी आणि स्त्रियांची पांढरी असत. तोच संकेत वापरलात तर लहान आकारातही आकृती ओळखू येते.

एन्चांटमेंट (पटावर टिकून राहणारी जादू) असलेलं टोकन असेल, जसं हेलिऑडचं २/१ क्लेरिक, तर त्याला रात्रीचं आकाश द्या. या संचांत एन्चांटमेंट क्रीचरच्या चौकटीत तारे असतात आणि देवांच्या अंगावरच्या सावलीत आकाश दिसतं. ही सजावट वाटते, पण पटावर दुरून बघून कुठलं क्रीचर एन्चांटमेंट मारणाऱ्या कार्डाने जाईल हे त्या ताऱ्यांवरूनच कळतं. म्हणून साध्या सैनिकाला तारे देऊ नका, समोरचा फसतो. तारे करायला उजेडाचा भाग कागद कापून झाका आणि जुन्या टूथब्रशने पांढरा शिंतोडा फक्त सावलीवर मारा. पाचसात मोठे तारे ब्रशने वेगळे ठेवा. सगळे ठिपके सारखे असले तर छापल्यावर ते धूळ पडल्यासारखे दिसतात.

छपाई आणि कापणी

३०० डीपीआयला स्कॅन करा. चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा चित्र ठेवा, म्हणजे फाइल ६९ × ९४ ची होते. त्यासाठी मूळ चित्रातच कडेने ९ मिलिमीटर जास्त रंगवून ठेवावं लागतं, हे आधीच लक्षात घ्या. नाव, ताकद आणि क्षमता कडेपासून ३ मिलिमीटर आत. देवनागरी अक्षर ८ पॉइंटच्या खाली नको. वेलांट्या आणि रफार एकमेकांत शिरतात. रंग आणि ताकद स्पष्ट हवी: पांढरा सैनिक १/१ आणि लाल सैनिक १/१ (अक्रोअन क्रुसेडरचा, आल्या वळणाला हल्ला करणारा) एकाच चित्राचे असले तरी कडेची पट्टी वेगळ्या रंगाची.

शहरातल्या डिजिटल प्रेसवाल्याला १२ × १८ इंची ३०० जीएसएम आर्ट कार्ड सांगा. कार्डं आडवी लावली तर एका पानावर तीन रांगांत सहा, म्हणजे १८ बसतात. उभी लावली तर १६ च. एक पान चौघांना पुरतं: आठ पांढरे सैनिक, सहा लाल, बाकी चार तुमच्या पेटीत जे लागतील ते. फाइल सीएमवायकेमध्ये द्या. आकाशाच्या मोठ्या काळ्या भागाला नुसता काळा १०० दिला तर तो राखाडी पडतो; सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १०० द्या. अक्षरांना मात्र नुसता काळा १००, कारण चार रंगांची जुळणी केसभर हलली की अक्षराला रंगीत सावली येते. समुद्राचा निळा जांभळा पडू नये म्हणून मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० ने कमी. आधी एकच पान काढून दिवसाच्या उजेडात बघा.

लॅमिनेशन करायचं तर दोन्ही बाजूंनी, नाहीतर अजिबात नको. एकाच बाजूला केलं की कार्ड चार दिवसांत वाळक्या पानासारखं वळतं. मोठ्या कटरवर गठ्ठा कापताना खालचं पान मिलिमीटरभर सरकतं, म्हणून बारीक काळी चौकट ठेवू नका; चुकलेली कापणी चौकटीतच सगळ्यात आधी दिसते. चित्र थेट कडेपर्यंत न्या. कोपरे ३ मिलिमीटरच्या पंचने गोल करा.

ही टोकन डेकमध्ये जात नाहीत, म्हणून पाठ कशीही चालते. अधिकृत स्पर्धेत घरी छापलेलं डेकमधलं कार्ड चालत नाही. कंपनीची चित्रं उतरवून विकू नका.

पावसाळा आणि मिसळ

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कार्डांना खरा त्रास हवेतल्या दमटपणाचा. चमकणारी फॉइल कार्डं आधी वाकतात, कारण कागद ओल घेऊन फुगतो आणि वरचा धातूचा थर फुगत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात पेटी ठेवा, १८० कार्डांना सिलिका जेलच्या १० ग्रॅमच्या दोन पुड्या, आणि दर महिन्याला पुड्या बदला. तांदूळ टाकू नका, पीठ आणि किडे होतात. वाकलेलं कार्ड उन्हात ठेवून सरळ होत नाही, रंग मात्र उडतो. ते स्लीव्हसकट (प्लॅस्टिकच्या पाकिटासकट) जाड पुस्तकाखाली, कोरड्या डब्यात आठवडाभर दाबून ठेवा.

स्लीव्ह ६६ × ९१ चे घ्या, महागड्या कार्डांना आतून ६४ × ८९ चा आणखी एक, तोंड उलट्या बाजूला करून. आणि डाव रंगात आला तरी मिसळीची प्लेट वेगळ्या टेबलावर. कटाचं तेल स्लीव्हच्या तोंडातून आत ओढलं जातं, आणि एकदा कागदात मुरलेला तो लाल डाग निघत नाही. साबणाने हात धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच पत्ते पिसायला घ्या.